लाभाची ओळ

१

परभणीच्या मोंढ्यात मापाडी सितारामनं माप हातात घेतलं की त्याच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो 'लाभ'. मग दोन, मग तीन. 'एक' हा आकडा त्याच्या मोजणीत कधी आलाच नाही. धान्याच्या बाजारात जन्म गेलेल्या कुणालाच यात काही वावगं वाटत नसे. अंगदला मात्र हसू यायचं. त्याचा कॉम्प्युटर शून्यापासून मोजायचा, सिताराम लाभापासून, आणि सरळ एकापासून मोजणारं त्या खोलीत कुणीच नव्हतं.

"काका, एकाशी काय भांडण हाय तुमचं?" त्यानं एकदा विचारलं.

"भांडन कशाचं? एक म्हनलं की मोजनं सुरू झालं. लाभ म्हनलं की काईच झालं न्हाई."

"मग म्हणायचंच कशाला?"

"काईच झालं न्हाई म्हनून," सिताराम म्हणाला आणि पोत्याला हुक लावून मोकळा झाला.

खोली खरेदी-विक्री संघाच्या गोदामाला लागून होती. एका कोपऱ्यात कॉम्प्युटर, शेजारी करकरत पावत्या छापणारा प्रिंटर, आणि मधोमध नवा इलेक्ट्रॉनिक काटा. या काट्याला मुंगी चढली तरी कळतं, असं संघाचे चेअरमन आबासाहेब आल्यागेल्याला सांगत. मुंगीचं माहीत नाही, पण वरच्या पंख्याचा वारा त्याला नक्की कळायचा. पंखा चालू असला की प्लेटवर काही नसतानाही लाल आकडे थरथरायचे. म्हणून वजन करायच्या आधी सिताराम न चुकता विचारायचा, "पंखा बंद करू का?"

अंगद पाथरीकडच्या धनगराच्या घरातला. बापाच्या मेंढरांमागं फिरता फिरता शिकला आणि औरंगाबादला जाऊन कॉम्प्युटरची पदवी घेऊन आला. विद्यापीठाचं नाव याच संक्रांतीला बदललं होतं, तेव्हा त्याची पदवी जुन्या नावाची धरायची का नव्या, यावरून आबासाहेब त्याची फिरकी घेत. पण काम त्याच्यावरच सोपवत.

काम असं होतं. त्याच्या आधी इथं बन्सीधर होता, मोंढ्यातल्याच एका आडत दुकानदाराचा मुलगा. आता तो पुण्याला होता. जाण्याआधी त्यानं पायथन नावाची कॉम्प्युटरची अगदी नवी भाषा कुठूनशी फ्लॉपीवर आणली आणि पावत्यांचा सगळा कारभार तिच्यात लिहिला. त्या भाषेला काट्याचं बोलणं कळत नव्हतं, म्हणून मधे एक दुभाषाही लिहून जोडला. हा दुभाषा मशीनवर बसवायचा तर मेकफाइल लागायची. मेकफाइल म्हणजे काय कशावर टेकलंय, आधी काय करायचं आणि मग काय, ते सांगणारी फाइल. स्वयंपाकाची कृती म्हणा. फक्त ही कृती बन्सीधरच्याच चुलीवर शिजायची, कारण त्याच्या मशीनचे पत्ते तिच्यात जागोजागी ठोकून बसवलेले होते. पाथरी, बोरी, पोखर्णीच्या खरेदी केंद्रांवर ती काही केल्या चालेना.

"त्या बन्सीच्या फायलीबिगर कुठंबी बसंल आसं काईतरी कर," आबासाहेब म्हणाले होते. "तुला कायम करतो, अन् मागची क्वार्टर देतो."

क्वार्टर म्हणजे दोन खोल्या आणि एक मोरी. पण ती मिळाली की बायको रुख्मिणी आणि नुकती जन्मलेली मुलगी त्याच्याजवळ राहणार होत्या. मुलीचं नाव त्यानं आपल्या गेलेल्या आईवरून सरजा ठेवलं होतं. तिच्यासाठी तो मेकफाइलची एकेक ओळ उकलत बसला.

उकलता उकलता त्याला दिसलं की सगळ्या ओळी शेवटी एकाच ओळीवर टेकल्या आहेत. तिचं नाव होतं 'लाभ'. आणि त्या ओळीखाली करायचं असं काहीच लिहिलेलं नव्हतं. पावत्यांमधला पहिला नंबर तेवढा ती अडवून ठेवायची, त्यापुढे वजनाची जागा कोरी राहायची आणि पोती दोनपासून सुरू व्हायची. व्यापाऱ्याचं पोर ते, दुकानातली खोड इथंही घेऊन आलं, असं म्हणून अंगद हसला. मेकफाइलऐवजी लिहिलेल्या नव्या स्क्रिप्टमध्ये त्यानं ती ओळ घेतली नाही.

२

स्क्रिप्ट पुरी झाली त्याच सकाळी सासूबाई तानुबाई लेकीला आणि नातीला घेऊन मोंढ्यात आली. बाळंतपण परभणीतच रुख्मिणीच्या मावशीकडे झालं होतं. सव्वा महिना उलटला, तशी ती दोघींना बोरीला न्यायला निघाली होती, आणि एसटीला अवकाश होता.

अंगदचा आनंद पोटात मावत नव्हता. त्यानं रुख्मिणीला मशीन दाखवलं, काटा दाखवला. स्क्रिप्ट चालवली तर ती मेकफाइलकडे ढुंकूनही न बघता दुभाषा बसवून मोकळी झाली. आता फक्त काहीतरी तोलून बघायचं होतं. हरभऱ्याच्या गाड्या अजून आल्या नव्हत्या. अंगदनं इकडंतिकडं बघितलं आणि रुख्मिणीपुढे हात केले.

"सरजाला ठेवू. बघू तर किती भरली."

"लेकरू तोलत न्हाईत, पाव्हणं," तानुबाई म्हणाली.

"दवाखान्यात तोललंच की, आई."

"ते दवाखान्याचं येगळं. ह्यो मोंढ्याचा काटा हाय. हितं तोलल्यालं इकायचं आसतंय."

अंगद हसला. रुख्मिणीलाही हसू आलं, आणि खरं तर तिलाही वजन कळायला हवं होतं. तिनं दुपटं प्लेटवर अंथरलं, त्याचा आकडा अंगदनं शून्यावर आणला आणि मुलीला वर ठेवलं. सितारामनं सवयीनं पंखा बंद केला. त्याचे ओठ 'लाभ' म्हणायला हलले, पण त्याआधीच प्रिंटर करकरला. पावतीवर छापलं होतं, क्रमांक एक. पुढे चार किलो आणि वर थोडं.

"गुटगुटीत हाय माझी," अंगद म्हणाला.

सरजा प्लेटवर पडून वर थांबलेल्या पंख्याकडे टक लावून बघत होती. तानुबाईनं तिला झडप घालून उचललं आणि पावती चुरगाळून चोळीत खोवली. 

३

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगदनं खोली उघडून मशीन चालू केलं, आणि काट्यावर काही नसताना प्रिंटरनं एक पावती काढली. क्रमांक एक. चार किलो आणि वर थोडं.

त्याला आश्चर्य वाटलं नाही. कालचा आकडा कुठंतरी चिकटून राहिला असणार. नव्या कामात अशी बारीकसारीक घाण राहतेच. त्यानं जुना आकडा पुसायची सोय केली, दिवसभर पोती तोलली, सगळी बरोबर भरली. तिसऱ्या सकाळी पुन्हा पावती निघाली. पण आता आकडा चिकटलेला म्हणायची सोय नव्हती. तो वीस-पंचवीस ग्रॅमनं वाढला होता.

धूळ असेल. त्यानं प्लेट पुसली. मग उचलून खालची जागा झाडली. एक हरभऱ्याचा दाणा आणि मेलेलं झुरळ निघालं. संघाची वजनं ठेवून काटा तपासला, चोख निघाला. आणि पुढच्या सकाळी आकडा पुन्हा तेवढाच वाढला.

खोटं कशाला बोला, त्याला ते आवडायला लागलं. तान्ही मुलं रोज अशीच वीस-पंचवीस ग्रॅमनं वाढतात, हे त्याला दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं होतं. काट्यात काय बिघाड असायचा तो असो, पण कुलूप काढताना त्याला वाटायचं, बघू आज सरजा किती भरली. तो पावती वाचायचा, मनाशी हसायचा आणि फाडून टाकायचा. सितारामला त्यानं काही सांगितलं नाही. सितारामनंही विचारलं नाही, पण आता तो सकाळी आल्यावर प्लेटला वळसा घालून जायला लागला होता.

"काका, असं लांबून का जाता?"

"काय की," सिताराम म्हणाला. "पाय पडंल आसं वाटायलंय."

"कशावर?"

सिताराम पंख्याच्या बटणाशी जाऊन उभा राहिला.

महिना होत आला तेव्हा एका सकाळी अंगदनं एक आवाज ऐकला. मशीन अजून लावायचं होतं, पंखा बंद होता, बाहेर मोंढा नुकता जागा होत होता. खोलीत कर्र, कर्र असा बारीक आवाज येत होता, थांबत, पुन्हा येत. अंगदला तो ओळखीचा वाटला आणि कुठला ते आठवेना. दाराचा नाही, खिडकीचा नाही. मावशीच्या घरी महिनाभर त्यानं हाच आवाज ऐकला होता. झोळीत बाळ असलं आणि झोका दिला की आढ्याला घासून दोर असाच करकरतो.

या खोलीला आढं नव्हतं. वर सिमेंटचा स्लॅब होता आणि स्लॅबला तो एक पंखा. अंगद तसाच उभा राहिला. आवाज वरून येत नव्हता. तो काट्याच्या प्लेटमधून, अगदी गुडघ्याच्या उंचीवरून येत होता. त्यानं घाईनं पंखा लावला. पंख्याच्या खडखडाटात मग काही ऐकू आलं नाही.

४

भ्यायलेला प्रोग्रामर करतो तेच त्यानं केलं. जे काढलं होतं ते परत घातलं. बन्सीधरची मेकफाइल शोधून तिच्यातली लाभाची ओळ तपासली. ती जागच्या जागी होती. त्यानं सगळं जुन्या पद्धतीनं बसवलं. सकाळी पावती निघालीच, क्रमांक एक. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो आहोत. त्याच्या स्क्रिप्टनं एकदा बसवलेलं आता मेकफाइलला विचारतच नव्हतं. कुणालाच विचारू नये म्हणून तर त्यानं एवढी रात्रंदिवस मेहनत केली होती.

त्यानं स्क्रिप्ट पुसली. दुभाषा पुसला. शेवटी काट्याची केबल उपटून भिंतीशी टाकली. प्रिंटर गप्प झाला. पण काट्याच्या स्वतःच्या डबीवर लाल आकडे उभेच होते, पाच किलोच्या जवळ, स्थिर. त्यानं काट्याचं बटण बंद केलं, तशी प्लेट जराशी खालीवर झाली. कुणी कूस बदलावी, तेवढीच.

मोंढ्याच्या तोंडाशी एसटीडी बूथ होतं. त्यानं पुण्याला बन्सीधरला फोन लावला.

"ती लाभाची ओळ," अंगद म्हणाला. "तिच्यात काहीच नव्हतं ना रे?"

"काहीच नव्हतं."

"मग घातली कशाला?"

"अरे, आमच्या दुकानात लाभ म्हटल्याशिवाय माप उचलत नाहीत. हाताला वळण होतं, लिहून गेलो. पहिली जागा रिकामी राहिलेली बरी वाटते." मग त्यानंच विचारलं, "का रे? तू काढलीस काय ती?"

"हो."

"तपासायला पहिलं काय ठेवलं होतंस?"

बूथच्या काचेबाहेर हरभऱ्याच्या गाड्या लागल्या होत्या. एका बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली.

"काही नाही," अंगद म्हणाला. "दगड."

मग त्यानं बोरीला फोन लावला. तिथल्या दुकानदारानं पोराला रुख्मिणीला बोलवायला पिटाळलं. ती धापा टाकत आली, आणि तिचा आवाज ऐकून अंगदच्या जिवात जीव आला.

"सरजा कशी हाय?"

"लय मजेत. आंगानं कशी भरलीय बघाल तर. निसती हासती." रुख्मिणीला कौतुक किती सांगू अन् किती नको असं झालं होतं. "आन् गुणाची एवढी, दिवसभर कडंवर घेऊन फिरलं तरी हाताला वझं म्हनून न्हाई."

अंगदनं रिसीव्हर कानापासून खाली घेतला. रुख्मिणी पलीकडून "ऐकायलात ना?" असं विचारत राहिली.

५

बोरीला तो पोचला तेव्हा तानुबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं त्याच्याकडे बघितलं, आणि सूप खाली ठेवलं. राम राम नाही, पाणी नाही. तिनं फक्त घराकडे बोट केलं.

आत माळवदाच्या लाकडी तुळईला झोळी बांधलेली होती. रुख्मिणी चुलीपाशी होती. अंगद दारातच थांबला आणि कान देऊन ऐकू लागला. झोळी हलत होती, चांगली डावीउजवीकडे झोके घेत होती, आणि तिला कुणी झोका दिलेला नव्हता. मागच्या दारातून वारं येत होतं. दोर तुळईवरून सैल लोंबत होता आणि त्याचा एवढासाही आवाज नव्हता.

आत नुसतं दुपटं असेल, असं म्हणून त्यानं झोळीत डोकावलं. सरजा जागी होती. गाल वर आलेले, मनगटांना वळ्या पडलेल्या. बाप दिसल्यावर ती खुदकन हसली.

त्यानं खाली वाकून तिला दोन्ही हातांनी उचललं. भरलेली म्हणून घागर उचलावी आणि ती रिकामी निघावी, तसे त्याचे हात झटक्यानं वर गेले. मुलगी हातात होती. ऊब होती, दुधाचा वास होता, पोटऱ्या बोटांना मऊ लागत होत्या. वजन नव्हतं.

रुख्मिणी चुलीपासून उठून आली होती. त्यानं तिच्याकडे बघितलं, तशी तिनं मान खाली घातली.

"तुला कळलं नाही?" त्यानं विचारलं.

"मला वाटलं लेकरं आशीच आसत्यात," ती हळूच म्हणाली. "पयलंच हाय ना माजं."

बाहेर सूप पुन्हा वाजायला लागलं. अंगदला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही. रडतानाही त्याला एवढं भान होतं की मुलीला धरलेला हात सैल करायचा नाही.

६

दुसऱ्या दिवशी पहाटेच रुख्मिणीनं लुगड्याच्या पट्ट्यानं सरजाला त्याच्या पोटाशी बांधलं आणि तीही बरोबर निघाली. एसटीच्या सगळ्या खिडक्या अंगदनं लावून घ्यायला लावल्या. उकाड्यानं लोक कुरकुरले, पण त्याचा चेहरा बघून गप्प बसले. काय करायचं हे त्यानं मनाशी ठरवलं होतं. मुलीला पुन्हा प्लेटवर ठेवायचं, या वेळी तोंडानं लाभ म्हणायचं, आणि उचलून घ्यायचं. यात काही अक्कल नाही, हे त्याला कळत होतं. दुसरं काही सुचतही नव्हतं.

मोंढ्यात दिवस चांगला वर आला होता. सिताराम खोलीच्या बाहेर पायरीवर बसला होता, पोती गोदामाच्या जुन्या तराजूवर लावून. खोलीत आज कुणी गेलंच नव्हतं. अंगद आत गेला. पंखा चालू होता, तो कालपासून तसाच राहिलेला. काट्याचं बटण त्यानं स्वतः बंद केलं होतं आणि डबीवर लाल आकडे होते.

त्यानं पट्टा सोडला. सरजाला प्लेटवर ठेवलं, पण हात काढले नाहीत.

"लाभ," तो म्हणाला. दारातून सितारामही म्हणाला, "लाभ." 

आकडे होते तिथंच राहिले. ना एक ग्रॅम वर, ना एक ग्रॅम खाली.

त्यानं पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा म्हटलं. सरजा वर फिरणाऱ्या पंख्याकडे टक लावून बघत होती. शेवटी त्यानं तिला उचलून घेतलं. प्लेट रिकामी झाली, आणि आकडे तसेच. मग त्या रिकाम्या प्लेटवरून बारीक, सुस्कारल्यासारखा आवाज आला. भूक लागल्यावर तान्हं मूल रडायच्या आधी करतं, तो.

अंगदला ऐकू आलं. सितारामला आलं असावं, कारण तो दारातून मागे सरला. आणि रुख्मिणीला तर नक्कीच आलं, कारण तिच्या चोळीवर दुधाचा ओला डाग पसरत गेला. तिनं पदर सावरला आणि लेकीला घ्यायला दोन्ही हात पुढे केले. अंगदकडे नाही. काट्याकडे.

ती वाकली. ओंजळीत काहीतरी जड आल्यासारखे तिचे खांदे खाली झुकले, आणि महिन्याभरानं हाताला वझं लागल्यागत तिचा चेहरा निवला. प्लेटवरचे आकडे भराभर उतरून शून्यावर आले.

"रुख्मिणी," अंगद म्हणाला. "सरजा इकडं हाय."

तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. ती रिकाम्या हातांना झोका देत जमिनीवर बसली आणि भिंतीकडे तोंड करून तिनं पदर ओढून घेतला.

अंगदच्या छातीशी सरजा हसत होती. तिचं जावळ वाऱ्यानं उडत होतं, मग तिच्या झबल्याचा घेर उचलला गेला, मग पाय. त्यानं तिला दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरलं.

"काका," तो म्हणाला, "पंखा बंद करा."